शेजारणीची वाटी

जेवण झाल्यावर पानांत जें उरतें त्याचें पुढें काय होतें, हा विषय विचार करण्याजोगा आहे असें आम्हांस साठ वर्षांत एकदांही वाटलें नव्हतें. आंब्याच्या कोयी, शेंगांचीं सालें, माशांचे कांटे यांची वाट लावणें हें घरांतील दुसऱ्या कोणाचें तरी काम, अशी पुरुषजातीची जी एक सोयीस्कर समजूत असते, तीच आमचीही होती. ती मोडण्यासाठीं आम्हांस सात समुद्र ओलांडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेरीलँड नांवाच्या संस्थानांत जावें लागलें.

आमची धाकटी कन्या तेथें चॉपटँक नदीच्या कांठीं राहते. दोन वर्षांपूर्वीं घरचे गणपति आटोपून आम्ही उभयतां तिच्याकडे गेलों. गांवाचें नांव केंब्रिज. हें नांव ऐकून आमच्या एका स्नेह्यांनीं आमच्याकडे मोठ्या आदरानें पाहिलें होतें. परंतु हें केंब्रिज विद्वानांचें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें नांवारूपास आलें तें कालवें सोलून डब्यांत भरणाऱ्यांचें गांव म्हणून. आम्ही रत्नागिरीकडचे असल्यामुळें हें कळतांच आम्हांस आपण एकदम आजोळीं आल्यासारखें वाटलें.

जांवईबापूंनीं पहिल्याच आठवड्यांत आम्हांस नदीकांठच्या एका खानावळींत नेलें. कालवांची बशी आली. कच्चीं कालवें खाण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. भाजलेलीं मात्र आम्हीं संकोच न करतां खाल्लीं, आणि नारळाचें वाटण व आमसुलें घालून केलेल्या आमच्याकडच्या कालवांची सर त्यांना नाहीं, असा निकालही तेथल्या तेथें देऊन टाकला. वाढपी बशा उचलूं लागला तेव्हां त्यानें लिंबाच्या फोडी एका पिंपांत टाकल्या आणि शिंपले दुसऱ्या पिंपांत. आम्हीं कारण विचारलें. "हे नदीला परत द्यावयाचे आहेत," असें तो इतक्या सहजपणें म्हणाला, कीं जणूं शेजारणीची वाटीच परत धाडावयाची होती.

घाटावरील वाचकांनीं कालव पाहिलें नसण्याचा संभव आहे, म्हणून येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे. दोन ओबडधोबड शिंपल्यांमध्यें राहणारा हा जीव एकदां जेथें चिकटला तेथेंच जन्म काढतो. परंतु त्याच्या बालपणाची गोष्ट निराळी आहे. उन्हाळ्यांत पाणी तापलें म्हणजे माद्या लक्षावधि अंडीं पाण्यांत सोडतात. तेथेंच त्यांचें फलन होतें, आणि धुळीच्या कणाएवढें पिल्लूं दोन-तीन आठवडे भरती-ओहोटीबरोबर हिंडत राहतें. मग त्याला एक इवलासा पाय व डोळ्यासारखा एक काळा ठिपका फुटतो, आणि तें बसावयास जागा शोधूं लागतें. चिखल त्याला चालत नाहीं. चिखलांत तें गुदमरून मरतें. त्याला कठीण पृष्ठभाग पाहिजे, आणि सर्वांत आवडतो तो दुसऱ्या कालवाचा शिंपला. मग तो जिवंताचा असो कीं मेलेल्याचा असो. जागा पसंत पडली म्हणजे तें आपल्याच अंगांतील चिकट द्रव्यानें स्वतःला तेथें जोडून घेतें आणि त्याचा पाय नाहींसा होतो. पुढें चालावयाचेंच नाहीं, तर पाय कशाला हवा! अशा रीतीनें आज्या-पणज्यांच्या शिंपल्यांवर नातवंडें बसतात, त्यांच्यावर त्यांचीं नातवंडें बसतात, आणि शेंकडों वर्षांत नदीच्या तळाशीं कालवांचे मोठमोठे थर उभे राहतात. त्यांस थर म्हणण्यापेक्षां खडक म्हणणेंच अधिक योग्य होय.

ही चॉपटँक नदी चेसापीक उपसागरास मिळते. त्या उपसागराच्या व त्यांत पडणाऱ्या नद्यांच्या तळाशीं असे खडक एके काळीं पसरलेले होते. तेथें भरतीचें पाणी जेमतेम दीड-दोन फूट चढतें. आमच्या खाडींतल्याप्रमाणें ओहोटीच्या वेळीं कालवें उघडीं पडावयाचीं तसा प्रकार तिकडे फारसा नाहीं. खडक पाण्याखालीं, त्यामुळें ते होते तेव्हां लोकांस दिसले नाहींत, आणि गेले तेव्हांही दिसले नाहींत. पण त्यांचें काम मोठें होतें. कालव पाणी आंत ओढून घेतें, त्यांतील शेवाळाचे सूक्ष्म कण खातें आणि पाणी बाहेर सोडतें. पूर्ण वाढलेलें एक कालव अनुकूल स्थितींत दिवसाला पन्नास गॅलनपर्यंत, म्हणजे जवळजवळ १९० लिटर, पाणी गाळूं शकतें. १९८८ सालीं तिकडच्या एका शास्त्रज्ञानें हिशेब मांडला, कीं १८७० च्या पूर्वींचीं कालवें सबंध उपसागराचें पाणी तीन ते सहा दिवसांत गाळून काढीत असावींत. त्याच्या काळीं जीं कालवें उरलीं होतीं त्यांना त्याच कामास जवळजवळ एक वर्ष लागलें असतें.

मग हीं कालवें गेलीं कोठें? सरळ उत्तर असें कीं माणसांनीं खाल्लीं. आगगाडी आली, डबे भरण्याची कला आली, आणि मेरीलँडचीं कालवें दूरदूरच्या शहरांत जाऊं लागलीं. १८८४-८५ च्या एका हंगामांत तेथें सुमारें दीड कोटि बुशेल कालवें निघालीं. बुशेल म्हणजे एक चांगली मोठी टोपली. पुढें १९४९ सालीं एका व १९५९ सालीं दुसऱ्या रोगाची नोंद या उपसागरांत झाली. हे रोग माणसाला बाधत नाहींत, पण कालवांना मारतात. शेतांतील खतें व माती वाहून येऊन पाणी गढूळ झालें तें वेगळेंच. २००३-०४ च्या हंगामांत निघालेलीं कालवें भरलीं अवघीं २६ हजार बुशेल.

परंतु आम्हांस विशेष वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. नुसतें खाल्ल्यानें एवढा नाश झाला नसता. कालव खाल्लें तरी शिंपला उरतो, आणि शिंपला नदींत असता तर त्यावर पुढची पिढी बसली असती. पण शिंपले परत गेलेच नाहींत. ते रस्त्यांवर पसरले, आगगाडीच्या रुळांखालीं घातले, जाळून त्यांचा चुना केला व तो शेतांत टाकला, दळून कोंबड्यांना चारले. क्रिसफील्ड म्हणून त्याच संस्थानांत एक बंदर आहे. त्या गांवाचा पुष्कळसा भाग शिंपल्यांच्या भरावावरच उभा आहे. म्हणजे पाहुण्यानें जेवण जेवावें आणि जातांना यजमानाच्या घराच्या तुळयाही काढून न्याव्या, त्यांतला हा प्रकार झाला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांतील प्राध्यापक विल्यम कीथ ब्रूक्स यांनीं १८९१ सालीं कालवांवर एक पुस्तक लिहून, साठा संपत आला आहे, आतां नुसतें उपसून चालणार नाहीं, शेतीप्रमाणें त्यांची जोपासना केली पाहिजे, असें बजावलें होतें. पण भरल्या ताटावर बसलेल्या माणसास उपदेश कधीं रुचत नसतो.

कन्येच्या शेजारीं एक वृद्ध निवृत्त शिक्षक राहतात. सप्टेंबर अखेरीस एके दिवशीं सकाळीं ते आपल्या धक्क्यावर ओणवे होऊन दोरी ओढतांना आम्हांस दिसले. दोरीच्या टोंकाला तारेचा पिंजरा होता, आणि पिंजऱ्यांत जुने शिंपले. "मासे धरतां काय?" असें आम्हीं विचारलें. त्यांनीं एक शिंपला आमच्या तळहातावर ठेवला. चष्मा लावून पाहतों तों त्या मेलेल्या शिंपल्यावर नखाएवढीं दहा-बारा कालवें बसलेलीं! २००८ सालापासून तेथें अशी योजना आहे, कीं नदीकांठच्या घरवाल्यांनीं हीं बाळें आपल्या धक्क्याखालीं टांगून घ्यावीं, गाळ बसूं नये म्हणून पिंजरा वरचेवर हलवून धुवावा, आणि उन्हाळा आला म्हणजे तीं राखून ठेवलेल्या भागांत सोडण्यासाठीं परत द्यावीं. खावयाचीं मात्र नाहींत. "आठ-नऊ महिन्यांचें माहेरपण करावयाचें आणि पाठवणी करावयाची," असें आमच्या सौभाग्यवतीनें त्याचें वर्णन केलें, आणि कन्येकडे पाहून तिनें लागलीच तोंड फिरविलें.

त्याच गृहस्थांच्या ओळखीनें आम्हीं गांवाजवळील हॉर्न पॉइंट प्रयोगशाळा पाहिली. तेथें कालवांचीं अंडीं उबवून पिल्लें वाढवितात. खानावळींतून आलेल्या शिंपल्यांचे ढीग अंगणांत ऊनपाऊस खात पडलेले असतात; मांसाचा अंश पुरता झडल्यावर ते धुवून मोठ्या टांक्यांत रचतात आणि त्यांत पिल्लें सोडतात. पिल्लें इतकीं बारीक, कीं रुमालांत मावेल एवढ्या ओल्या गोळ्यांत लक्षावधि असतात. थोड्या दिवसांत तीं शिंपल्यांवर बसतात. मग ते शिंपले नावेंत भरून नदींत नेऊन ओततात. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत धाडीत नाहींत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. या लोकांनीं शंभर-सव्वाशें वर्षांनीं कां होईना, पण वाटी भरून परत धाडावयास सुरुवात केली आहे, असें तें दृश्य पाहून वाटलें.

परंतु उशिराचें देणें व्याजासह द्यावें लागतें. हॅरिस क्रीक म्हणून चॉपटँकला मिळणारी एक भरती-ओहोटीची उपनदी आहे. २०१० सालीं तेथें कालवें काढण्यास बंदी झाली, आणि २०११ पासून २०१५ पर्यंत तिच्या तळाशीं सुमारें साडेतीनशें एकर खडक पुन्हां वसविण्यांत आले. दोन अब्जांवर बाळ-कालवें त्यांत सोडलीं. पण त्यांना बसावयास शिंपले पुरेनात. कांहीं ठिकाणीं दगडांचे बांध घालावे लागले. आणि फ्लॉरिडांतील खाणींतून युगानुयुगें पुरून राहिलेले, अश्मीभूत झालेले शिंपले आगगाडीनें आणावे लागले! ज्या मुलखानें आपले शिंपले रुळांखालीं घातले, त्यालाच रुळांवरून परक्याचे शिंपले आणण्याची पाळी आली. चौरस मीटरला निदान १५ आणि चांगलें म्हणावयाचें तर ५० कालवें, अशी कसोटी ठरवून तीन वर्षांनीं व पुन्हां सहा वर्षांनीं मोजणी झाली, आणि बहुतेक सर्व बांध निदान पहिल्या कसोटीस उतरले. २०१४ च्या करारानें, २०२५ पर्यंत उपसागराच्या अशा दहा उपनद्यांतील खडक पुन्हां उभे करावयाचे असें ठरलें, त्यांतली ही पहिली.

आम्हीं ती जागा नावेंतून पाहिली. पाहण्यासारखें तेथें कांहींच नव्हतें. सपाट करडें पाणी, वर एक पक्षी, दूर झाडी. "खालीं आहे सगळें," शिक्षक म्हणाले. देवळांत जाऊन गाभाऱ्याचें दार बंद असतां नमस्कार करावा, तसें आम्हीं पाण्याकडे पाहून घेतलें.

येथेंच हा लेख संपविला असता तर वाचकांचें मन प्रसन्न राहिलें असतें. परंतु त्या नावेचा जो मालक होता त्याचें म्हणणें ऐकून आमचें तसें राहिलें नाहीं. तो पिढीजात कालवें काढणारा. लांब दांड्यांचीं दुहेरी दांताळीं नदींत सोडून तळ चांचपडावयाचा व कालवें वर ओढावयाचीं, हें त्याच्या घरचें काम. हंगाम सुरू व्हावयास तेव्हां चार दिवस होते. "या उपनदींत माझे आजोबा कालवें काढीत," तो म्हणाला. "आतां मी येथें आलों तर चोर ठरतों. दगड टाकले ते कांहीं ठिकाणीं इतके उंच, कीं आमच्या नावांना लागले. जवळच्याच दुसऱ्या नदींतलें काम आमच्या लोकांनीं तक्रार केली म्हणून २०१६ सालीं कांहीं काळ थांबलें, पुढें पुन्हां सुरू झालें. पाणी स्वच्छ व्हावें हें मलाही कळतें. पण कालवें खाल्लीं सगळ्या देशानें, शिंपले नेले गिरणीवाल्यांनीं नि रस्तेवाल्यांनीं, आणि देणें फेडावयाचें तें मात्र मीं एकट्यानें!"

शिक्षक कांहीं बोलले नाहींत. बंदी नसती तर त्या बाळ-कालवांपैकीं एकही म्हातारें झालें नसतें, हें त्यांस ठाऊक होतें. आणि त्या माणसाचें म्हणणें खोटें नाहीं, हेंही ठाऊक होतें. आम्ही परके, आम्हीं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पण मनांत आलें, कीं ऋण ही वस्तु मोठी चमत्कारिक आहे. उपभोग वरच्या माळ्यावर होतो आणि वसुली तळमजल्यावर होते. जो शेवटीं नदींत उभा सांपडतो, त्याच्याच हातांत हिशेबाचा कागद पडतो.

दिवाळीच्या आधीं आम्ही स्वदेशीं परत आलों आणि थोडे दिवस कोंकणांतील घरीं जाऊन राहिलों. हें घर आमच्या आजोबांनीं बांधलें. त्याच्या भिंतींचा गिलावा शिंपल्यांच्या चुन्याचा आहे, आणि तो शंभर वर्षें टिकला याचें कौतुक आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों. खाडीवरून गाडीच्या गाडी शिंपले येत, भट्टी लागे, चुना विरजण्यासाठीं खड्डे खणीत, असें आमची आजी सांगे. आणि सांगतां सांगतां आपल्या पितळी डबींतला चुना बोटानें पानाला लावी. तोही शिंपल्यांचाच. त्या भिंतीकडे आम्हीं आजवर अभिमानानें पाहत आलों. या खेपेस मात्र गिलाव्यावरून हात फिरवितांना क्रिसफील्डची आठवण झाली. गिलाव्याच्या एका पोपड्यांत न जळलेला शिंपल्याचा एक तुकडा पांढरा चमकत होता. किती कालवांच्या बसण्याच्या जागा आमच्या माजघरांत उभ्या आहेत, याचा हिशेब करण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ओहोटीला आम्ही खाडीवर गेलों. आमच्या खाडीचें पाणी पुरुषभर उतरतें, आणि मग काळे खडक उघडे पडतात. आमच्याकडे वर्षानुवर्षें कालवें आणून देणारी म्हातारी तेथें बसली होती. आमच्या आईच्या वेळेपासून ती आमच्या दारीं येते. तिला आम्ही मावशी म्हणतों, आणि मावशी म्हणूनही तिच्याशीं आमच्या घरांत दर वेळीं भाव केला जातो. तिचें काम मात्र आम्हीं कधीं जवळून पाहिलें नव्हतें. ती लोखंडी हत्याराच्या टोंकानें वरचा शिंपला उडवी, आंतलें मांस काढून भांड्यांत टाकी, आणि खालचा शिंपला तसाच खडकावर राहूं देई. आम्हीं थोडा वेळ पाहिलें आणि मग न राहवून विचारलें, "मावशी, खालचा शिंपला कां नाहीं काढत?"

तिनें मान वर केली. एवढी वर्षें शिकून हा असला प्रश्न विचारतो, असें तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतें. "तो काढून काय करूं? ओझं कोण वाहील? नि राहिला तर पुढल्या साली त्याच्यावरच दुसरी बसतात."

ज्यासाठीं तिकडे प्रयोगशाळा, करार आणि आगगाड्या लागल्या, तें येथें एका वाक्यांत झालें. पण मावशीच्या या शहाणपणाचें कौतुक करून मोकळें होणें आम्हांस साधेना. तिचें देणें तिनें जागच्या जागीं फेडलें होतें. भट्टीकडे गेलेले शिंपले तिच्या हातचे नव्हते. आणि उद्यां या खाडीवर खडक राखण्याची वेळ आली, तर पहिली बंदी कोणावर येईल हें सांगावयास ज्योतिषी नको. ती आमच्या भिंतीवर येणार नाहीं. मावशीच्या हत्यारावर येईल.

त्या दिवशीं आम्हीं भाव केला नाहीं. घरीं येऊन हें मोठ्या समाधानानें सांगितलें, तेव्हां सौभाग्यवती म्हणाली, "एका दिवसाच्या पैशांनीं भिंत फिटते होय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व अजूनही नाहीं. घरांत भाव करणें मात्र त्या दिवसापासून बंद झालें.

हल्लीं आम्ही गांवीं असलों आणि पाहुण्यांसाठीं शिंपल्यांसकट कालवें आणलीं, म्हणजे उरलेले शिंपले अंगणाच्या कोंपऱ्यांत वाळत ठेवतों. पुरते वाळले म्हणजे पिशवी घेऊन ओहोटीला खाडीवर जातों आणि खडकांच्या खांचांत ते नीट बसवून येतों. गड्यांना हंसूं येतें, येईना कां! त्या वाटींत घालावयास आमच्याजवळ साखर नाहीं. ती रिकामीच परत जाते, हें आम्हांस ठाऊक आहे. पण निदान ती आतां आमच्या फळीवर पडून राहत नाहीं.